शोधून झाल्यावर

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, लाल रंग दिलेली खुंटी दिसली की आठवडाभरात गावात बातम्या फिरायला लागतात. सोनं सापडलं. सरकार जमीन घेणार. शेजारच्या वाडीतल्या कुणीतरी आधीच पैसे खाल्ले. खुंटी मारणारा माणूस तोवर दुसऱ्या तालुक्यात पोचलेला असतो आणि खरं काय ते सांगायला गावात कुणीच नसतं.

मी त्या खुंट्या मारणाऱ्यांपैकी. माहेर कुडाळ तालुक्यातलं. भूशास्त्र शिकले, ओडिशा-छत्तीसगडच्या जंगलांत तंबू ठोकून राहिले आणि मग फिरून कोकणातच कामाला आले. आपल्याच मुलखात हातोडी घेऊन फिरण्यात एक गंमत आहे आणि एक जाचही. गंमत अशी की खडकाचं नाव सांगायच्या आधी माझं आडनाव विचारलं जातं. जाच असा की संध्याकाळी आईचा फोन येतो, ‘अगो, तू आमच्या कुळाराच्या डोंगरार काय करतंस?’ कुळार म्हणजे तिचं माहेर.

मध्यंतरी एका कार्यशाळेला गेले होते. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘जबाबदार खनिजशोध’ आणि खाली हिरव्या पानाचं चित्र. पुढे तासभर पाण्याचे नमुने, आवाजाची पातळी, झाडांची मोजणी, कामगारांचे हेल्मेट. सगळं योग्यच होतं आणि त्यातलं बरंच मी स्वतः करते. पण शोध संपल्यावर गावाला जाऊन काय सांगायचं, कुणी सांगायचं, कोणत्या भाषेत सांगायचं, याबद्दल त्या तासाभरात एक ओळ आली नाही. आमच्या धंद्याची जबाबदारी खरी तिथे सुरू होते असं माझं मत होत चाललं आहे, म्हणून हा प्रपंच.

आधी जमिनीखाली काय आहे ते सांगते, कारण वर्तमानपत्रांना ‘कोकणात खनिजांचा खजिना’ असं दर दोन वर्षांनी छापायला आवडतं आणि त्यात खजिना कुठला नि माती कुठली ते कळत नाही.

उत्तर कोकण आणि रत्नागिरीचा बहुतेक भाग म्हणजे सह्याद्रीचाच काळा कातळ, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. त्या कातळावर लाखो वर्षं पाऊस कोसळला, सिलिका धुऊन गेली आणि लोह नि ॲल्युमिनियम मागे राहिलं. तो आपला जांभा. आपल्या घरांचे चिरे, गडग्यांचे दगड, विहिरीचं बांधकाम, सगळं त्यातलं. जिथे ॲल्युमिनियमचं प्रमाण वाढलं तिथे बॉक्साइट झालं. दापोली-मंडणगडच्या सड्यांवर आणि तसंच वर रायगडात श्रीवर्धनकडे ते मिळतं. दक्षिणेला मात्र कथा बदलते. मालवण-कणकवलीच्या पट्ट्यापासून खाली जाऊ तसा लाव्हा मागे सरतो आणि त्याच्याहून कितीतरी जुनी जमीन उघडी पडते. कासार्डे-फोंड्याची सिलिका वाळू शंभर कोटींहून अधिक वर्षांच्या वालुकाश्मातून आलेली. कणकवली तालुक्यात जानवली आणि वागदे इथे क्रोमाइट. आणि रेडीपासून सावंतवाडी, दोडामार्गपर्यंत लोहखनिज, जे गोव्याच्या खाणपट्ट्याचंच उत्तरेकडचं टोक आहे. तिथल्या खडकाचं वय अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास जातं. महाराष्ट्राची वेस तेरेखोलच्या खाडीशी संपते, खडकाची संपत नाही.

रेडीचं एक सांगायलाच हवं. तिथला द्विभुज गणपती 1976 साली खाणीच्या परिसरात जमिनीखालून निघाला. एका ट्रकचालकाला दृष्टांत झाला आणि त्याने खणलं, अशी हकिकत सगळा वेंगुर्ला सांगतो. आज तिथे बसेस भरून लोक येतात. लोखंड शोधता शोधता देव हाती लागल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. आमच्या अहवालांत मात्र अशा प्राप्तीसाठी रकाना नसतो.

आता शोध म्हणजे काय. खाण म्हणजे डोंगर उकरणं, ते सगळ्यांना दिसतं. शोध हे बहुतांशी चालण्याचं काम. पहिल्या टप्प्यात उपग्रहाची चित्रं, जुने नकाशे, मग ओढ्याओढ्यांतून गाळाचे नमुने. ओढा हा आमचा फुकटचा खबऱ्या, वरच्या डोंगरात काय आहे ते तो खाली आणून ठेवतो. खडकाचा तुकडा फोडायचा, भिंगातून बघायचा, खरबरीत चिनीमातीच्या तुकड्यावर घासायचा. लालसर रेघ उठली तर हेमॅटाइट, काळी उठली तर मॅग्नेटाइट. सरकारी भाषेत हा टप्पा जी-फोर. त्यातून आशा वाटली तर जी-थ्री, जी-टू आणि शेवटी जी-वन. जसजसा आकडा उतरतो तसतशी जागा लहान होते आणि भोकं वाढतात. शेकडो जागा तपासाव्यात तेव्हा एखादी खाणीच्या योग्यतेची निघते. बाकी ठिकाणी हात हलवत परत. हे गावात कुणाला पटत नाही. एवढ्या गाड्या, एवढी माणसं, एवढं डिझेल, आणि म्हणे काही मिळालं नाही! मिळालं असणार, लपवत असणार.

ड्रिलिंगचं भोक मनगटाएवढं असतं. आत हिऱ्याचे कण बसवलेला दात फिरतो आणि पोकळ नळीतून दगडाची कांडी वर येते. पत्र्याच्या पेट्यांत त्या कांड्या मीटरवार मांडून ठेवतात. एका गावात शाळेच्या मागच्या पडवीत आमच्या पेट्या होत्या आणि मधल्या सुट्टीत मुलं रांगेने येऊन ‘बाई, हो किती खालचो?’ म्हणून विचारायची. साठ मीटर खालचा दगड हातात घेतल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच असेल.

भोक लहान, मग नुकसान कशाचं? रस्त्याचं. रिग, म्हणजे ड्रिलिंगचं यंत्र, डोंगरावर उडत जात नाही. तिच्यासाठी जेसीबी लावून चढावर कच्ची वाट काढतात आणि त्या वाटेचं काय होतं ते पहिल्या मिरगाच्या पावसात कळतं. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पायथ्याच्या गावांतही तो तीन हजारांच्या खाली क्वचितच येतो. असा पाऊस उतारावरच्या उघड्या मातीला एका रात्रीत घळ करून टाकतो. ती लाल माती खालच्या कुणाच्या तरी भातखाचरात जाऊन बसते. ज्याच्या खाचरात बसते त्याचा सड्याशी काहीच संबंध नसतो, त्याला खुंटी कधी दिसलेलीही नसते. म्हणून माणसांनी सुटी करून वर नेता येणारी छोटी रिग, जुन्या पायवाटांचाच वापर, काम झाल्यावर वाटेवर आडवे चर खणून पाण्याला बाजूला काढून देणं, या गोष्टी हिरव्या पानाच्या चित्रापेक्षा मोलाच्या. महाग पडतात हे खरं. रिगचा ठेकेदार पहिल्या दिवशी जेसीबीच मागतो आणि ‘मॅडम, दोन तासांचं काम’ म्हणतो.

दुसरं, पाणी. ड्रिलिंगला दिवसाला काही हजार लिटर पाणी लागतं. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मे महिन्यात ऐन जोरात असतो, कारण पावसाळ्यात डोंगरात यंत्र चालवता येत नाही. म्हणजे गावाच्या विहिरी तळाला जातात नेमक्या तेव्हा आम्ही ओढ्याच्या उरलेल्या डबक्यात पाइप टाकतो. आंब्याचा हंगामही तोच. मोहरावर धूळ बसली की बागायतदार जे बोलतो ते इथे लिहिता येण्यासारखं नसतं, आणि त्याचं चुकतही नाही. किनाऱ्यावर याच महिन्यांत वेळास, आंजर्ले, गुहागरला कासवांची घरटी असतात. आमचं वेळापत्रक हवामान बघून ठरतं. गावाच्या कॅलेंडरची पानं कुणी उलटून बघत नाही.

आणि सडा. महसुली दप्तरात तो पडीक किंवा पोटखराब. नकाशावर बघणाऱ्याला म्हणूनच तो सगळ्यात सोपा वाटतो: घर नाही, शेत नाही, झाड नाही, घ्या काम सुरू. प्रत्यक्षात सड्यावर पडणारं पाणी जांभ्याच्या भेगांतून मुरतं, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. त्या झऱ्यांवर वाड्या वसल्या. जूनच्या सरींबरोबर त्याच कातळावर दिपकाडी फुलते, जी या भागाबाहेर सापडत नाही. मागोमाग गेंद आणि सीतेची आसवं. गुरं चरायची, कुळीथ वाळत घालायचे, मुलांनी क्रिकेट खेळायचं, सगळं तिथेच.

शिवाय कातळशिल्पं. रत्नागिरी, लांजा, राजापूर तालुक्यांतल्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी हत्ती, मासे, गेंडे, मानवाकृती कोरून ठेवल्यात. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत ही नावं गेली. देवाचे गोठणेच्या शिल्पाजवळ होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडेच वळते. मी माझं ब्रंटन, म्हणजे आमचं होकायंत्र, काढून ठेवलं, सुई फिरली, सोबतचा पोरगा टाळ्या पिटायला लागला. लोहाने भरलेल्या कातळात अशी चुंबकीय गडबड असू शकते. पण आमच्या पद्धतीने केवळ चुंबकीय मोजणीचा कागद समोर ठेवला असता तर त्या ठिकाणी मी एक टिंब काढून ‘इथे बोअर घ्यावा’ असं लिहिलं असतं. पायाने चालत गेल्याशिवाय टिंबाखाली माणूस कोरलेला आहे हे कागदाला कळत नाही. शिल्पांवर माती साचून गवत उगवलेलं असतं, म्हणून आधी गुराख्याला विचारावं. गुराख्यांना माहीत असतं. पुरातत्त्व खात्याला ते पुष्कळदा त्यांच्याकडूनच कळलेलं आहे.

बारसूच्या सड्यावर एप्रिल 2023 मध्ये मातीपरीक्षणासाठी बोअर मारायला सुरुवात झाली तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. तो खनिजाचा शोध नव्हता, रिफायनरीच्या जागेची तपासणी होती. त्या प्रकल्पाबद्दल माझं काय मत आहे ते इथे सांगत नाही. पण ‘नुसती तपासणी आहे, एवढ्याला विरोध कशाला?’ असं तेव्हा शहरातल्या माझ्या ओळखीची शहाणी माणसंही म्हणत होती, त्यांच्याशी माझं पटलं नाही. भोक हे भोक नसतं. गावाच्या दृष्टीने ती दाराची पहिली फट असते.

हे मला नीट उमगलं ते दक्षिण सिंधुदुर्गातल्या एका गावात. नाव सांगत नाही. काम सुरू करायच्या आदल्या संध्याकाळी सरपंचांनी निरोप पाठवला, उद्या आधी देवळात या. गेले. गावकर, मानकरी, पुजारी जमलेले. राईच्या तोंडाशी राखणदाराच्या पाषाणापुढे नारळ ठेवला आणि गावकरांनी गाऱ्हाणं घातलं. ‘बा देवा म्हाराजा! आज ह्यां लेकरू तुझ्या वेशीर येवन उभा ऱ्हवला हा...’ ‘व्हय म्हाराजा!’ ‘ह्येच्या हातान काय वाकडातिकडा झाला तर तां तुझ्या पायाखाली घी...’ ‘व्हय म्हाराजा!’ माझ्या रिगवरची झारखंडची पोरं टोप्या काढून उभी होती. त्यांना शब्द कळत नव्हते, पण प्रकार पुरता कळला होता. त्यांच्याकडेही सरना, म्हणजे देवाच्या राया, असतात.

काही शिकलेल्या सहकाऱ्यांना हे मनोरंजक लोकजीवन वगैरे वाटतं, फोटो काढतात. मला त्यात सरळ व्यवहार दिसला. आलेल्या माणसाला सगळ्यांसमोर उभं करायचं, त्याने काय करायचं ठरवलंय ते चारचौघांत मोठ्याने म्हणवून घ्यायचं, आणि साक्षीला असा कुणीतरी ठेवायचा जो बदली होऊन जाणार नाही. सरकारी परवान्यात यातलं काहीच नाही. जनसुनावणी होते ती खाणीच्या पर्यावरण मंजुरीच्या वेळी. शोधाच्या वेळी तशी सुनावणी कायद्यात नाही. उलट 2023 च्या वनकायद्यातल्या दुरुस्तीने, सर्वेक्षण आणि पूर्वेक्षण, म्हणजे आमचं हे शोधाचं काम, हा वनेतर वापर धरायचा नाही असं ठरवण्याची मुभा केंद्राला दिली. ज्या टप्प्यावर काही बिघडलेलं नसतं, सगळं अजून बोलता येण्यासारखं असतं, त्याच टप्प्यावर कुणी कुणाशी बोलायची सक्ती नाही.

गाऱ्हाणं झाल्यावर चहा आला आणि एका आबांनी मला विचारलं, ‘चेडवा, तू सांगतंस तां खरा असात. तू भोका बुजवतलंस, झाडाक हात लावचंस नाय. पण तुझ्या मागसून येतलो, तो कोण?’

याला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते त्यांना ऐकवण्यासारखं नव्हतं. पूर्वी साधारण असं व्हायचं की ज्याने शोधलं त्यालाच पुढे खाणपट्टा मिळण्याची शक्यता असायची. 2015 मध्ये खाण कायदा बदलला आणि लिलाव आले. घोटाळे थांबवायला ते गरजेचे होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे झालं असं: शोध घेते एक सरकारी यंत्रणा, अहवाल जातो राज्याकडे, ब्लॉक लिलावात निघतो, आणि तो घेतो तिसराच कुणीतरी, ज्याने त्या देवळासमोर नारळ ठेवलेला नाही. मी दिलेला शब्द त्याला बांधत नाही. माझ्या अहवालात ‘खालच्या वाडीचा झरा या उतारावर अवलंबून आहे’ असं वाक्य मी घातलं तरी ते पान एकशे कितीतरीवर, धातूच्या टक्केवारीच्या तक्त्यांमागे. बोली लावणारा तक्ता वाचतो. डिसेंबर 2023 पासून देशभरची भूशास्त्रीय माहिती एका राष्ट्रीय संकेतस्थळावर मिळायला लागली. सिडनीत बसलेल्या माणसाला माझ्या गावाच्या खडकाचं विश्लेषण बघता येतं, ही विज्ञानाच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे. पण ज्यांच्या पायाखाली तो खडक आहे त्यांना त्यातलं अक्षर कळत नाही. ते इंग्रजीत आहे, आणि इंग्रजी येणाऱ्यालाही आमचे तक्ते कळत नाहीत ते वेगळंच.

आबा मागसून येणाऱ्याचं विचारत होते त्याला कारण होतं. कळणे तिथून लांब नाही. जुलै 2021 मध्ये कळण्याच्या खाणीच्या खड्ड्यात साठलेलं पाणी कडा फोडून खाली आलं, चिखलाचा लोंढा घरांत आणि बागायतींत शिरला. हे बघितलेल्या माणसाला ‘शोध वेगळा, खाण वेगळी’ हे मी कोणत्या तोंडाने समजावू? तांत्रिकदृष्ट्या वेगळीच आहे. पण खड्ड्यापर्यंत जाणारी वाट माझ्या खुंटीपासून निघते, हे त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही आणि खोडायचंही नव्हतं.

कोकणी माणूस मुळात विरोधी असतो असं बाहेर समजतात. तसं नाही. विहिरीची जागा दाखवायला पाणाड्या येतो. तळहातावर नारळ ठेवून परड्यात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खणायला सांगतो, आणि लोक हजारो रुपये घालून खणतात. शास्त्र म्हणून मी त्यावर विश्वास ठेवत नाही. विश्वास का बसतो ते मात्र मला समजतं: पाणाड्याला घरमालकाने बोलावलेलं असतं, तो पुढच्याच गावात राहतो, आणि पाणी लागलं नाही तर जन्मभर बाजारात त्याला लोक अडवून विचारतात. आमच्याकडे नारळापेक्षा चांगली यंत्रं आहेत. बाजारात अडवता येईल असा माणूस नाही.

ओडिशातल्या नियामगिरीचा दाखला इथे सगळे देतात. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला. पण तिथे वनहक्क कायदा आणि आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्र यांचं पाठबळ होतं. सिंधुदुर्ग अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे आपल्या ग्रामसभेचा ठराव तितका भारी ठरत नाही. पश्चिम घाटाबद्दलचा गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा. त्या सुमारास सावंतवाडी-दोडामार्गातल्या कित्येक ग्रामसभांनी आपण होऊन आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव केले होते. नंतर समित्या बदलल्या, मसुदे निघाले, कोर्टकज्जे झाले. त्या ठरावांचे कागद ग्रामपंचायतींच्या कपाटात आहेत. काही ठिकाणी मी पाहिलेत, वाळवीने कडा खाल्लेल्या.

समुद्राकडचा विषय वेगळ्या लेखाचा आहे, पण टाळता येत नाही. रत्नागिरीत मांडवीकडचा किनारा काळा समुद्र आणि मिऱ्याकडचा पांढरा समुद्र, हे तिथल्या पोराला माहीत असतं. काळेपणा इल्मेनाइटचा आणि मॅग्नेटाइटचा, सह्याद्रीच्या कातळातून नद्यांनी आणून टाकलेला. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पुळणीत फिरवलं की दाढी उगवल्यासारखे कण चिकटतात. इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सत्तरच्या दशकातच रत्नागिरीच्या खाड्या आणि उपसागर धुंडाळून ते समुद्रतळावरही असल्याचं दाखवलं होतं. तेव्हा त्यात कुणाला फारसा रस नव्हता. आता टायटॅनियम केंद्राच्या 2023 च्या तीस अत्यावश्यक खनिजांच्या यादीत आहे, समुद्रातल्या खनिजांच्या कायद्यातही त्याच वर्षी लिलावाची तरतूद आली. नोव्हेंबर 2024 च्या पहिल्या फेरीत गुजरात, केरळ आणि अंदमानचे ब्लॉक होते, कोकण नव्हतं. केरळच्या मच्छीमारांनी विरोध केला. आपल्याकडचे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, ते वाचून आहेत. सड्याला निदान सातबारा असतो. रापण ओढायच्या पाण्याला तोही नाही, तिथे नुकसान मागायला कोण कुठल्या कागदावर उभा राहणार?

देशाला खनिजं लागणारच. राष्ट्रीय अत्यावश्यक खनिज अभियानात 2030-31 पर्यंत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने बाराशे शोधप्रकल्प करायचे आहेत. मोबाइलवर हे वाचणाऱ्याने आणि लिहिणारीने खनिज नको म्हणणं जरा कठीण आहे. म्हणून शोध नको असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे नेमकं काय आहे हे न कळता हो म्हणणं जितकं वाईट, तितकंच न कळता नाही म्हणणंही. एखाद्या डोंगरात काही नाही हे सिद्ध झालं तर तो त्या डोंगराला मिळालेला सगळ्यात मोठा दिलासा असू शकतो. फक्त तो दिलासा गावापर्यंत पोचवत कुणी नाही.

नियमात आहे की भोकं बुजवून, खड्डे भरून जायचं. चांगली माणसं ते करतात. मी त्यात एक भर घातली आणि वरिष्ठांनी ‘तुझ्या वेळात कर’ म्हणून परवानगी दिली. काम संपल्यावर ग्रामपंचायतीत मराठीत एक पान लावायचं. किती भोकं घेतली, कुणाच्या जमिनीत, किती खोल, किती मीटरवर पाणी लागलं, कोणत्या तारखेला सिमेंटने बुजवली, पुढे काय होऊ शकतं. धातूची टक्केवारी मला सांगता येत नाही, अहवाल वर जाईपर्यंत ती गोपनीय. पण पाण्याची पातळी काही राष्ट्रीय गुपित नव्हे. आणि जिथे काही मिळालं नाही असं वरून जाहीर झालं, तिथे परत जाऊन तसं पान लावायचं. हे दुसरं पान लावायला प्रवासभत्ता मिळत नाही.

पहिलं पान लावलं त्या आबांच्या गावात. वाटलं होतं की लोक वाचतील, हो-नाही म्हणतील, फार तर आणखी संशय घेतील. त्यांनी भलतंच केलं. पाच नंबरच्या भोकाला अठरा मीटरवर भरपूर पाणी लागलं होतं, ते पानावर होतं. ती जागा दोन चुलतभावांच्या गडग्याला लागून. गडगा पावसात कधीच ढासळलेला, मोजणी आजोबांच्या वेळची. आठवड्यात दोघंही ग्रामपंचायतीत, विहिरीचा अर्ज घेऊन, एकाच जागेसाठी. सरपंचांनी मला फोन केला, ‘मॅडम, तुम्हीच लावल्यात पान, तुम्हीच येवन सांगा भोक कोणाच्या हद्दीत.’

जीपीएसचे आकडे घेऊन गेले. भोक हद्दीवर हातभर इकडे की तिकडे हे माझ्या यंत्राला सांगता येईना, भूमिअभिलेखच्या मोजणीदाराला बोलवावं लागणार होतं. दोघे भाऊ माझ्यासमोर आधी एकमेकांवर ओरडले, मग दोघे मिळून माझ्यावर. आबा पडवीत बसून विडा जुळवत होते. ते म्हणाले, सातबारावर नावं सव्वीस आहेत, त्यातली वीस अंधेरी ते विरार. त्यांच्या सह्या आणा, मग भांडा. तशी मोजणीची फी भरली गेली आणि तारीख पडली ती गणपतीनंतरची, कारण सह्या करणारी सगळी तेव्हाच गावाला येतात.